कणकुंबीच्या डोंगराचा वकील कोण?

खानापूर तालुक्यातील कणकुंबी हे गाव नकाशावर टिंबाएवढे. पण तेथे पडणाऱ्या पावसाचे प्राक्तन मोठे विलक्षण आहे. डोंगराच्या एका अंगावर पडलेला थेंब मलप्रभेत उतरतो आणि कृष्णेच्या संगतीने बंगालच्या उपसागरास जातो. दुसऱ्या अंगावरचा कळसा नाल्याने म्हादईत शिरतो व पणजीपाशी अरबी समुद्र गाठतो. निसर्गाने केलेली ही वाटणी कर्नाटक सरकारास मान्य नाही. म्हादई पाणीतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी कळसा व भांडुरा या नाल्यांचे मिळून ३.९ अब्ज घनफूट पाणी मलप्रभेत वळविण्याची मुभा दिली. २०२२ च्या डिसेंबरात केंद्रीय जल आयोगाने सुधारित आराखड्यास मान्यता दिली. तेव्हापासून बंगळूरला घाई झाली आहे.

हुबळी-धारवाडच्या तहानेची आम्ही थट्टा करीत नाही. तहान कानडी किंवा मराठी नसते. पण सरकारास एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. सौंदत्तीजवळील नवलतीर्थाच्या धरणात सुमारे ३७ अब्ज घनफूट पाणी मावते. ते वर्षानुवर्षे पुरते भरत नव्हते, ते कशाने? मलप्रभेच्या लाभक्षेत्रात पावसावर भागणाऱ्या हलक्या पिकांऐवजी उसाचे रान कोणाच्या आशीर्वादाने माजले? जे पाणी शेवटच्या वावरापर्यंत पोहोचत नव्हते, त्यावरही आकार वसूल करू पाहणाऱ्या सरकारविरुद्ध नरगुंद-नवलगुंदचा शेतकरी १९८० साली पेटून उठला आणि त्याने गोळ्या खाल्ल्या. तेव्हा दोष कळसा नाल्याचा होता काय? धरणाच्या दहाव्या हिश्श्याएवढे पाणी आणून ही गैरव्यवस्था झाकली जाईल, बरी होणार नाही. आणि ज्या २०१९ च्या ऑगस्टात हीच मलप्रभा पट्टदकलच्या देवळांत शिरली, त्या वर्षी तिला पाण्याचा तोटा होता असे कोणी म्हणेल काय? पूर्वी चार महिने रिमझिमणारा पाऊस आता आठ दिवसांत कोसळून जातो. अशा पावसाला धरून ठेवील, मुरवील आणि चैत्र-वैशाखात झऱ्यांवाटे परत देईल अशी एकच तिजोरी आहे: खानापूरचे जंगल. मलप्रभेसाठी पाणी आणावयाचे म्हणून तिच्याच उगमाशी झाडे तोडावयाची, याला कोणत्या शास्त्रात शहाणपण म्हणतात?

या जंगलाचा कायदाही दुतोंडी आहे. भीमगड अभयारण्य २०११ साली घोषित झाले. त्यातील आमगावच्या लोकांनी रस्ता मागितला की वनखात्याचे नियम पुढे येतात; २०२४ च्या जुलैत आजारी बाईस खांद्यावरून वाहून न्यावे लागले, ते साऱ्या जिल्ह्याने पाहिले. सरकारच्या नळांना व पंपांना मात्र हेच रान वाट देईल अशी खात्री बाळगली जाते. गावकऱ्याच्या पायवाटेने वाघ दचकतो आणि यंत्राच्या घरघरीने त्याला झोप लागते, असे बहुधा खात्याचे संशोधन असावे!

गोव्याची कथा निराळी नाही. म्हादई आमची आई, असा घोष तेथील प्रत्येक पुढारी करतो. मग मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२३ च्या जुलैत म्हादई अभयारण्य व लगतचा प्रदेश व्याघ्रक्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला, तेव्हा हेच सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात का धावले? आईच्या अंगावरचे वस्त्र राखण्याचा हुकूम झाला, तर लेकराने आनंद मानावयास हवा होता.

आणि महाराष्ट्र? याविषयी आपल्या माणसांत बोलणे अवघड जाते, म्हणूनच बोलले पाहिजे. लवादाने त्याला १.३३ अब्ज घनफूट दिले आणि दोडामार्गातील विर्डीच्या धरणाचा मोह त्यालाही सुटला नाही. सीमाभाग आमचा, म्हणून २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावणारे हे राज्य कणकुंबीच्या झाडांसाठी कधी तेवढ्या तळमळीने उभे राहिले? माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ साली आला. तो बाजूस सारून २०१४ पासून २०२४ पर्यंत सहा मसुदे निघाले आणि सहाही वेळा पश्चिम घाटाच्या राज्यांनी कुरकुर केली. त्या कुरकुरीत मराठी सूरही होता. उद्या निकाल आमच्या बाजूने लागला आणि पदरात उघडाबोडका डोंगर पडला, तर त्या भूमीचा जयजयकार कोणत्या तोंडाने करावयाचा?

लवादापुढे तीन राज्यांचे वकील होते. ज्या देगावात म्हादई उगम पावते आणि ज्या नेरशाजवळून भांडुऱ्याचे पाणी उपसावयाचे आहे, त्या गावांचा वकील तेथे नव्हता. तेव्हा आता या गावांनी ग्रामसभा भरवून आपले म्हणणे ठरावाने लिहून द्यावे. बेळगाव-खानापूरच्या मराठी नेत्यांनी निवडणुकीची वाट न पाहता ते ठराव तिन्ही राजधान्यांत नेऊन पोहोचवावेत, आणि मुंबईत नेताना विर्डीचा प्रश्नही विचारून यावे.