एक्स्प्लेनर : सगळ्यात ताकदवान कन्सोलच बाजी मारतो का? २० वर्षांचा हिशेब काय सांगतो?

नवा गेमिंग कन्सोल जाहीर झाला की आधी त्याच्या प्रोसेसरची चर्चा होते आणि लगेच भाकितं सुरू होतात. हा चालणार, तो पडणार! मीही यात मागे नव्हतो. २०१७ मध्ये निन्टेंडो स्विच आला, तेव्हा मी इंजिनीअरिंगला होतो. प्लेस्टेशन ४ पेक्षा कमी ताकदीचं हे यंत्र आपटणार, असं हॉस्टेलवर छातीठोकपणे सांगितलं होतं. पुढे स्विचची विक्री १५ कोटींच्या वर गेली.

माझं चुकलं कुठे? स्पेसिफिकेशन पाहिलं, ग्राहक पाहिला नाही.

२००६ मध्ये काय झालं?

प्लेस्टेशन २ तुफान चालला होता, त्यामुळे प्लेस्टेशन ३ बाजी मारणार, असं अनेकांनी गृहीत धरलं. पण त्याच्या महागड्या मॉडेलची किंमत होती ५९९ डॉलर. निन्टेंडोचा वी आला २४९ डॉलरला. त्याला एचडी ग्राफिक्सही नव्हतं. पण रिमोटसारखा कंट्रोलर हलवून घरातले आजी-आजोबाही टेनिस खेळू लागले. वी १० कोटींवर विकला गेला, प्लेस्टेशन ३ सुमारे पावणेनऊ कोटींवर थांबला.

मग मागचं यश पाहून अंदाज बांधावा का?

तेही फसवं आहे. २०१२ मध्ये वी यू आला. हा नवा कन्सोल आहे की जुन्या वीची ॲक्सेसरी, हेच अनेकांना कळलं नाही. विक्री साधारण १ कोटी ३५ लाखांवर अडकली.

ताकदीला काहीच किंमत नाही?

आहे, पण खिशाला परवडली तर. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ हा एक्सबॉक्स वनपेक्षा ताकदवानही होता आणि १०० डॉलरने स्वस्तही. त्यातच मायक्रोसॉफ्टने जुन्या गेम डिस्कवर निर्बंध जाहीर केले. ग्राहक भडकले, निर्णय मागे घ्यावा लागला. पण पहिली छाप पडायची ती पडलीच होती.

मग नेमकं काय पाहायचं?

माझ्या मते तीनच गोष्टी :

- किंमत किती?
- पहिल्या वर्षात कोणते गेम येणार? स्विचबरोबर त्याच दिवशी झेल्डाचा नवा गेम आला होता.
- हे यंत्र कशासाठी, हे एका वाक्यात सांगता येतं का? ‘टीव्हीवर खेळा, उचलून बाहेर न्या’, हे स्विचबद्दल कुणालाही समजलं.

आपल्याला याचं काय?

भारतात प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला. नुकती नोकरी लागलेल्या अनेकांचा हा महिन्याचा पगारही नाही. वर नवा मोठा गेम चार-पाच हजारांचा. एवढे पैसे ‘जिंकणाऱ्या’ कन्सोलवर लावायचे म्हणून भाकितांच्या मागे धावण्यात अर्थ नाही. कन्सोल किती विकले, हा आकडा तर मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून देणंच बंद केलंय.

त्यापेक्षा मित्र कशावर खेळतात, आवडीचे गेम कुठे मिळतात आणि बिघडलं तर आपल्या शहरात दुरुस्ती होते का, हे आधी बघा. जगात पहिला कोण आला, हे कंपन्यांचं टेन्शन. आपले ५० हजार धूळ खात पडू नयेत, एवढं आपण पाहायचं.