रंग समोरच्यासाठी असतो

घरात रंगाचा डबा उघडला की माणसाच्या अंगात काहीतरी संचारते. दिवाळीच्या तोंडावर गॅलरीच्या गजांना एक हात मारावा म्हणून बसलेला गृहस्थ बघता बघता जुनी सायकल, लोखंडी खाट आणि उरलेल्या रंगात तुळशीची कुंडीही रंगवून मोकळा होतो. पॉलिश पेपरने जुने पापुद्रे काढावेत, पुसून घ्यावे, पातळ हात द्यावा, वाळू द्यावे, पुन्हा द्यावा. दुकानातून नवी वस्तू आणण्यात हे समाधान नाही. आज लिहायचे आहे ते मात्र बंदुकीच्या रंगाबद्दल. अर्थात खेळण्यातल्या!

या बंदुकीला ‘एअरसॉफ्ट’ म्हणतात. हा खेळ 1970 च्या दशकात जपानमध्ये सुरू झाला. तिथे सामान्य माणसाला खरी बंदूक बाळगणे जवळपास अशक्य; म्हणून हौशी मंडळींसाठी हुबेहूब दिसणाऱ्या आणि 6 मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या गोळ्या उडवणाऱ्या बंदुका निघाल्या. 1991 मध्ये ‘टोकियो मारुई’ या कंपनीने बॅटरीवर चालणारी रायफल बाजारात आणली आणि खेळ जगभर पसरला. डोळ्यांना गॉगल लावून, मैदानात दोन पक्ष पाडून, मुले आणि मोठेही तो खेळतात. आपल्या लपाछपीचाच हा जरा खर्चिक अवतार.

माझी मुलगी कॅलिफोर्नियात असते. तिच्या पंधरा वर्षांच्या मुलाला जावयाने अशी एक वापरलेली रायफल घेऊन दिली होती. आधीच्या मालकाने तिच्यावर हिरव्या रंगाचे जाड थर चढवलेले, जागोजागी ओघळ आलेले. मी तिथे असताना एका शनिवारी नातवाने गॅरेजचे दार उघडे टाकून ती रंगवायला घेतली.

त्याची पद्धत पाहून मी खूश झालो. आधी गोळ्यांची पेटी काढली, नळीत काही अडकलेले नाही ना ते पाहिले, मग बॅटरी सोडवली. प्रत्येक स्क्रू काढण्याआधी फोटो घेतला. आतली दातेरी चाके आणि ताणलेली स्प्रिंग ज्या पेटीत असते तिला हात लावला नाही. मी थिनर सुचवले, तर म्हणाला, ‘‘नाही हं आजोबा, याचं प्लास्टिकच विरघळेल.’’ खरेच आहे ते. बहुतेक सुटे भाग एबीएस प्लास्टिकचे, आणि ॲसिटोन ते खाऊन टाकते. म्हणून त्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश आणि भरपूर चिकाटी वापरली. मग साबणाने धुणे, वाळवणे, बारीक पॉलिश पेपर, आणि स्प्रेचे पातळ पातळ हात. खाकीवर हिरवा मारताना अंगणातली खरी पाने धरली. त्यांचे ठसे फार सुंदर उठले.

पण रंगाचा डबा हातात आला की काय होते, ते वर लिहिलेच आहे. नळीच्या टोकाला असलेल्या भडक नारिंगी तुकड्याकडे बघत तो म्हणाला, ‘‘हेवढंच वाईट दिसतंय. यालाही खाकी मारू?’’

जावई आतून म्हणाला, ‘‘ते सोडून बाकी काहीही रंगव.’’ नातू रुसला. वस्तू माझी, मेहनत माझी, मग रंग दुसऱ्याच्या मर्जीचा का? त्याचा प्रश्न वाजवी होता, आणि त्याला ‘कायदा आहे म्हणून’ एवढेच उत्तर देणे मला पुरेसे वाटत नाही.

कायदा तर आहेच. अमेरिकेत 1988 च्या केंद्रीय कायद्याने अशा बंदुका विकताना टोकाला नारिंगी खूण बंधनकारक केली. कॅलिफोर्नियात 2016 पासून एअरसॉफ्टच्या चापाभोवतीची कडीही भडक रंगाची लागते, शिवाय बाहेर आलेल्या भागांवर तशाच पट्ट्या. कायद्याने घातलेली खूण काढून ती खऱ्यासारखी दिसेल असे करणे, हा तिथे गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये 2006 च्या कायद्यानुसार रंगीत खोटी बंदूक रंगवून खऱ्यासारखी करणेही गुन्ह्यात मोडते. जपानने तर 1971 सालीच धातूच्या नकली पिस्तुलांना पांढरा किंवा पिवळा रंग सक्तीचा केला होता.

पण कायद्यांमागे माणसे असतात. 22 ऑक्टोबर 2013 रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा गावात अँडी लोपेझ हा तेरा वर्षांचा मुलगा रस्त्याने चालला होता. हातात एके-47 सारखी दिसणारी एअरसॉफ्ट. नारिंगी टोक नव्हते. शेरिफच्या शिपायाने ती खरी समजून त्याला गोळ्या घातल्या. 22 नोव्हेंबर 2014 रोजी क्लीव्हलंडमध्ये बारा वर्षांचा टामिर राइस बागेत एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. त्याचीही खूण गेलेली. पोलिसांची गाडी आली आणि दोन सेकंदांच्या आत त्याच्यावर गोळी झाडली गेली. दुसऱ्या दिवशी तो गेला.

यात मुलांचा दोष नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. टामिरच्या वेळी फोन करणाऱ्याने ‘बहुधा खोटी असावी’ असे कळवलेही होते; तो निरोप गाडीतल्या पोलिसांपर्यंत गेलाच नाही. नारिंगी तुकडा म्हणजे काही चिलखत नव्हे, घाईने गोळी झाडणाऱ्याचे उत्तरदायित्व त्याने कमी होत नाही. खरी बंदूकही कुणी नारिंगी रंगवील, हा आक्षेपही खोटा नाही. आणखी एक गोष्ट मनात येते. अँडी लॅटिनो होता, टामिर कृष्णवर्णीय. आपली तिकडची नातवंडेही सावळीच आहेत.

तरीही मी जावयाच्या बाजूचा आहे. कारण बाकी सगळी रायफल नातवाची असली, तरी ते टोक त्याचे नाही. त्याला ठाऊक आहे की हे खेळणे आहे. ते त्याला सांगायला खूण लागत नाही. खूण आहे ती समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईसाठी, शाळेच्या दारातल्या रखवालदारासाठी, घाबरलेल्या पोलिसासाठी. गाडीचा मागचा लाल दिवा चालवणाऱ्याला कधी दिसत नाही, म्हणून कुणी तो काळा करतो का?

म्हणून मुलांना रंगवू द्या. पण टोक झाका ते फक्त रंग उडू नये म्हणून, आणि वाळल्यावर टेप काढा. बंदूक मैदानापर्यंत न्यायची ती पिशवीत बंद करून. रस्त्यात, बागेत, गच्चीवर मिरवायची नाही.

आणि हे फक्त अमेरिकेतल्या नातवंडांपुरते नको. दिवाळीत आपण टिकल्यांचे पिस्तूल घ्यायला जातो तेव्हा मुलाचा हात काळ्याभोर, हुबेहूब पिस्तुलाकडे जातो आणि आपण कौतुकाने पैसे मोजतो. खेळण्यातले पिस्तूल दाखवून लुटल्याच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रांतही येतातच. यंदा दुकानदाराकडे लाल, पिवळे, हिरवे मागून बघा. मूल पाच मिनिटे कुरकुरेल. टिकली फुटली की आवाज तोच येतो.