अर्धी संपत्ती नको, बाजार दाखवा

इ.स. ६२२ मध्ये मक्केहून हिजरत करून मदिनेत पोहोचलेले मुहाजिर घरदार, व्यापार, मालमत्ता सगळे मागे टाकून आले होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकेका मुहाजिराचे एकेका अन्सारशी भावाचे नाते जोडून दिले. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांचे नाते हजरत साद बिन रबी (रजि.) यांच्याशी जुळले. सादांनी आपली अर्धी संपत्ती त्यांच्यापुढे ठेवली. अब्दुर्रहमान यांनी दुआ दिली आणि विचारले ते एवढेच, की इथला बाजार कुठे आहे. मग ते बाजारात गेले, पनीर आणि तूप विकू लागले आणि थोड्याच दिवसांत स्वतःच्या कमाईवर उभे राहिले.

हा प्रसंग आपण सादांच्या दानतीसाठी आणि अब्दुर्रहमान यांच्या स्वाभिमानासाठी सांगतो. त्यातली तिसरी गोष्ट मात्र आपल्या लक्षात येत नाही. मदिनेचा बाजार त्यांच्यासाठी उघडा होता. परक्या गावाहून आलास, तुला इथे विकता येणार नाही, असे त्यांना कोणी म्हटले नाही.

आज निर्वासितांना मदत म्हटले की ‘कौशल्य प्रशिक्षण’ हा शब्द हमखास ऐकू येतो. शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती, ब्युटी पार्लर, संगणक. तीन महिन्यांचा वर्ग, शेवटी प्रमाणपत्र आणि एक फोटो. हेतू चांगलाच असतो. पण वर्ग संपल्यावर त्या माणसाने कुठे बसून काम करायचे, हे मात्र फार कमी जण विचारतात.

बांगलादेशातील कॉक्स बझारच्या छावण्यांचे उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या तिथे आले. त्यांच्यासाठी शिवणकामापासून सौर दिव्यांच्या दुरुस्तीपर्यंत वर्ग चालतात. पण छावणीबाहेर जाऊन नोकरी किंवा धंदा करायला परवानगी नाही. लोकांनी छावणीतच टपऱ्या टाकल्या, तर २०२१च्या अखेरीपासून त्यातल्या हजारो प्रशासनाने पाडल्या. मग २०२३ मध्ये निधी आटला आणि दरमहा माणशी १२ डॉलरचे रेशन आधी १० आणि नंतर ८ डॉलरवर आले. हातात कला आहे, पोट रिकामे आहे आणि मध्ये काटेरी तारेचे कुंपण आहे. अशा ठिकाणी प्रमाणपत्राचा कागद काय कामाचा?

बांगलादेशाला नुसता दोष देणेही बरोबर नाही. गरीब, दाट वस्तीच्या त्या देशाने सीमा उघडली, हे उपकार मोठे आहेत. शिवाय उखिया-टेकनाफच्या स्थानिक मजुराची भीती खरी आहे. निर्वासित कमी पैशांत राबतो आणि मजुरीचा दर पडतो. पण थोडा विचार केला तर दर पाडतो तो चोरून काम करणारा माणूस. त्याला तक्रार करता येत नाही, म्हणून मालक त्याला अर्ध्या मजुरीत राबवतो. त्याच माणसाला परवाना मिळाला की तो किमान वेतन मागू शकतो. परवाना निर्वासिताला वाचवतो तसा शेजारच्या स्थानिक मजुरालाही वाचवतो.

जॉर्डनने या दिशेने पाऊल टाकले. २०१६ मध्ये लंडनच्या परिषदेत करार झाला. सीरियन निर्वासितांना दोन लाख कामाच्या संधी द्यायच्या आणि बदल्यात युरोपीय बाजारात जॉर्डनच्या मालाला सवलत. शेती आणि बांधकामात परवाने मिळू लागले. पण कापड कारखान्यांत फारसे सीरियन गेलेच नाहीत. कारखाने दूर, पगार तुटपुंजा, लहान मुले कुणाकडे ठेवायची हा बायकांचा प्रश्न. डॉक्टर, शिक्षक, अभियंता यांचीच नव्हे तर केशकर्तन आणि वाहन चालवण्याचीही कामे परदेशीयांना बंद होती. उलट त्याच देशातील झाअतरी छावणीत सीरियनांनी स्वतःच बाजार उभा केला. भाजी, भाकरी, लग्नाचे कपडे, सायकल दुरुस्ती, सगळे तिथे मिळते. त्यांना दुकानदारी कुणी शिकवली नव्हती. ते येतानाच ती घेऊन आले होते.

निर्वासित म्हणजे कोरी पाटी, असे धरून आपण चालतो तिथेच चूक होते. तो कालपर्यंत सुतार होता, शिंपी होता, मास्तर होता. आधी त्याला येते काय ते विचारावे. मग त्या गावाला हवे काय ते पाहावे. एका छावणीत पाचशे शिंपी तयार केले तर कपडे शिवून घेणार कोण? आणि वर्गात स्थानिक गरीब मुलांनाही जागा द्यावी, म्हणजे शेजारी हेवा करणार नाही.

हे आपल्याला नवीन नाही. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावणीत आले. १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळाले. पुढे तिथले फर्निचर, जीन्स आणि पापड घरोघरी पोहोचले. सिंध्यांची मेहनत तर होतीच, पण ते या देशाचे नागरिक होते. दुकान टाकताना कुणी त्यांना हुसकावले नाही. आज आपल्याच देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. १९५१च्या निर्वासित कराराचे आपण सदस्य नाही, बांगलादेशही नाही.

मग आपण काय करावे? रमजानमध्ये रेशन किट आणि थंडीत ब्लँकेट आपण देतो, ते द्यावेच. भुकेल्याला आधी भाकरी. पण जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जदार आहे, वाटसरूही आहे. एखाद्या घराला शिलाई मशीन, हातगाडी किंवा अवजारांचा संच मालकीने देता येतो. आणि आपण ज्या संस्थेला पैसे देतो तिला एक प्रश्न जरूर विचारावा. किती जण शिकले, हे राहू द्या. शिकलेल्यांपैकी किती जण सहा महिन्यांनी कमावत आहेत, ते सांगा.

सादांसारखी अर्धी संपत्ती देणे आपल्यातल्या फार थोड्यांना जमेल. बाजाराची वाट दाखवणे आणि ती कुणी अडवली असेल तर त्याविरुद्ध बोलणे, एवढे तर प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.