ब्रेकची निवड : हौस की जबाबदारी?

मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. खेड्यातल्या घरात ती बैलजोडीइतकीच गरजेची होऊन बसली आहे. मात्र हाती चार पैसे आले की आपण तरुण मंडळी ते हॉर्न, सायलेन्सर आणि आरसे यांवर उधळतो. हल्ली या यादीत डिस्क ब्रेकची भर पडली आहे. चांगल्या ब्रेकची इच्छा वाईट खचितच नाही, पण त्याची निवड चकाकी पाहून व्हावी, हे मात्र बरे नव्हे.

बेळगाव-निपाणीसारखाच महाराष्ट्राबाहेरचा पण मराठी बोलणारा एक मुलूख मध्य प्रदेशात आहे. तो म्हणजे पांढुर्णा-सौसरचा भाग. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा होऊन तो स्वतंत्र जिल्हा झाला. पांढुर्ण्याजवळचे तिगाव हे माझे गाव. मुलताईच्या पठारावरून येणारी रेल्वे चिचोंडा-तिगावचा घाट उतरून आमच्याकडे येते. वजन किती, उतार किती, हे पाहून गाडीचा वेग आधीच आवरावा लागतो, हे इंजिनचालकाला ठाऊक असते. पण त्याच उताराच्या मुलखात तिघे बसलेली, वर संत्र्यांची पेटी बांधलेली मोटारसायकल हाकणाऱ्याला ते ठाऊक असतेच असे नाही. आंबोली किंवा चोर्ला घाटात जाणाऱ्या आपल्या मित्रांनाही हे लागू आहे.

ब्रेक चाक थांबवतो. गाडी थांबवतो तो टायर. पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते असे आपण पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. कोरड्या डांबरावर, चांगल्या टायरवर, ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे ५ मीटरांत थांबत असेल, तर ६० च्या वेगाला सुमारे २० मीटर लागतात. शिवाय मन भानावर येऊन हात हलेपर्यंत एक सेकंद गेला, तरी गाडी आणखी १७ मीटर पुढे गेलेली असते. टायर गोटा झालेला असेल, तर कितीही महाग डिस्क बसवा. चाक जाम होईल आणि गाडी घसरेल.

दुसरा गैरसमज याहून घातक आहे. 'पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते' असे सांगत अनेकजण आयुष्यभर केवळ मागच्या ब्रेकवर गाडी चालवतात. वस्तुतः ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून खरी पकड तिथेच असते. पुढचा ब्रेक हळूहळू आवळण्याचा सराव करण्यास एक पैसाही लागत नाही. यापरती स्वस्त सुधारणा कोणती?

मग खर्च कशावर करावा? आधी टायर. मग झिजलेले लायनर, ताणलेली केबल, वाकलेली लिव्हर. डिस्क असेल तर पॅड आणि ब्रेक ऑइल. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ जातीच्या नव्या तेलाचा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शिरल्यावर त्याची किमान मर्यादा १५५ वर येते. घाटात तेल उकळून वाफ झाली की लिव्हर पोकळ लागते. यास्तव साधारण दोन वर्षांनी तेल बदलावे आणि उतारावर खालच्या गिअरचा आधार घ्यावा.

डिस्क ड्रमपेक्षा सरस नाही काय? आहेच. ती उघड्या हवेत लवकर थंड होते आणि पाण्यातून निघाल्यावर लवकर सुकते. पण डिस्क म्हणजे केवळ एक तबकडी नव्हे. हब, फोर्कचा नळा, कॅलिपर, मास्टर सिलिंडर हे सारे एकमेकांच्या मापाचे लागतात. मास्टर सिलिंडरचा दट्ट्या मोठा घेतला, तर पास्कलच्या नियमाने त्याच हातजोराला दाब कमी मिळतो. भंगारातून कॅलिपर आणून फोर्कवर वेल्डिंग करणे म्हणजे तर जिवाशी खेळ होय. बदल करायचाच तर त्याच मॉडेलच्या डिस्कवाल्या गाडीचा पूर्ण संच, जाणत्या मिस्त्रीकडूनच बसवावा.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत मनमानी फेरबदल करता येत नाहीत. तेव्हा परिवहन कार्यालयात आधी विचारून घेणे शहाणपणाचे. शिवाय १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालील गाड्यांना निदान दोन्ही ब्रेक जोडणारी सीबीएस सक्तीची आहे. असल्या गाडीचा एकच ब्रेक बदलला, तर ही जोडणी बिघडण्याचा संभव असतो.

विद्यार्थी मित्रांनो, मागच्या आसनावर बहुधा आपली आई, बहीण किंवा वर्गमित्र बसलेला असतो. ब्रेक कोणता घ्यावा हे त्याला कोणी विचारलेले नसते. म्हणून माझी एक सूचना आहे. वर्षातून एक दिवस पदार्थविज्ञान विभाग आणि राष्ट्रीय सेवा योजना यांनी मिळून, गावातल्या एखाद्या जाणत्या मिस्त्रीला बोलावून, कॉलेजच्या स्टँडवरील गाड्यांचे टायर, लायनर व तेल तपासावे. प्रयोगशाळेत शिकलेला घर्षणाचा धडा त्या दिवशी स्टँडवर उपयोगी पडेल.