आपद्धर्म

पहिल्या महायुद्धांत, डिसेंबर १९१५ मध्यें, इराकांतील कूत येथें तुर्कांनीं जनरल टाउनशेंडच्या फौजेस वेढा दिला. आंत तीन मराठा पलटणी होत्या. अन्न सरत आलें. घोडे मारले जाऊं लागले. परंतु आमचे शिपाई त्या मांसास शिवेनात. गांवीं वाळीत पडूं, हें भय भुकेहून मोठें! स्कर्व्हीनें देह खचले. हिंदुस्थानांतून धर्माधिकाऱ्यांची अनुज्ञा आली. तरी पुष्कळांनीं तो घास एप्रिलांत, अगदीं अखेरीस घेतला. २९ एप्रिल १९१६ रोजीं फौज शरण गेली.

छांदोग्योपनिषदांतील उषस्ति दुष्काळांत महाताचे उष्टे उडीद खातो; उष्टें पाणी मात्र नाकारतो, कारण तें अन्यत्र मिळतें. प्राणरक्षणापुरतें घेतलेलें अन्न दोषास्पद नव्हे, हें तात्पर्य. वाचकहो, ही कथा आम्हां पढिकांस मुखोद्गत होती. त्या शिपायांस ती कोणीं सांगितली होती?