ताडोब्याची फी वाढवा, पण धुऱ्यावरचं कुंपणही बघा

ताडोब्याच्या गेटची फी वाढवायची म्हटलं की ओरड होते. माझं मत विचाराल तर वाढवा. शनिवार-रविवारी आताही जास्त फी घेतात, तरी जिप्सी भरूनच जातात. जंगलात गाड्या मोजक्याच सोडायच्या, तर येणाऱ्यानं चार पैसे जास्त द्यावेत.

पण पैसा जातो कुठं, हे विचारलं पाहिजे. 2006 साली कायदा बदलला, तेव्हापासून व्याघ्र प्रकल्पाचं स्वतःचं प्रतिष्ठान असतं. गेटचा पैसा तिथं जमा होऊन जंगलाच्या आणि आजूबाजूच्या गावांच्या कामी यावा, हा हेतू.

आता बघा, वाघ खातो काय? चितळ, रानडुक्कर, रोही. आणि हेच रात्री आमच्या धानात, हरभऱ्यात चरतात. म्हणजे वाघाला अर्धं आम्हीच पोसतो. घाटे भरायच्या वेळी डुकरांचा कळप शिरला की एका रात्रीत सगळं लोळवतो. जागलीला जावं तर वाघाची भीती, घरी झोपावं तर पीक गेलं. पंचनाम्यात पीक लिहितात, जागरण कोण लिहिणार?

म्हणून वाढलेल्या फीतला ठरलेला वाटा बफरमधल्या सौर कुंपणाला द्या. नुसतं लावायला नाही, बॅटरी बदलायलाही. हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. आणि लगतच्या गावातल्या पोरांना जंगल फुकट दाखवा. ज्या पोरानं वाघ फक्त भीतीतच ऐकला, तो उद्या जंगल कशाला राखेल?