भराव काढा, पंचगंगेला वाट द्या!

पंचगंगाकाठच्या बंधू-भगिनींनो,

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आहे. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेले. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक काही दिवस बंद पडली.

महापुरात ही नदी पात्रापुरती राहत नाही, दोन्ही काठांच्या मळीतून वाहते. शिरोलीला नेमका त्याच वाटेवर महामार्गाचा मातीचा भराव आडवा घातला आहे. पूल पात्रावर, आणि मळीतल्या पाण्याला मात्र मोजक्या मोऱ्या! पाणी तुंबणार नाही तर काय होणार?

ऊस दोन दिवस पाण्यात राहिला तरी तगतो. पण गढूळ पाणी पोंग्यात शिरून चार-पाच दिवस थांबले की पोंगा कुजतो, वर्षाचे पीक हातचे जाते. म्हणून पाणी किती चढले एवढेच पाहू नका. ते किती दिवस थांबले, हेही विचारा.

सगळा पूर एका भरावामुळे येतो, असे आम्ही म्हणत नाही. पाऊस आहे, धरणांचे विसर्ग आहेत, पूररेषेतली बांधकामे आहेत. अलमट्टी धरणाच्या पाण्यासाठी कर्नाटकाशी भांडावे लागते. शिरोलीचा भराव तर आपल्याच जिल्ह्यात आहे.

खर्च परवडणार नाही, असे सांगितले जाईल. नेदरलँड्समध्ये निमेगन शहरासमोर वाल नदीचा पूरबांध 350 मीटर मागे घेतला, नदीला जादा पात्र खोदून दिले. म्हणजे बांध मागे हटवणे हासुद्धा पूरनियंत्रणाचाच उपाय आहे, त्यावरचा खर्च वाया जात नाही.

आमच्या मागण्या :

1. 2019 आणि 2021 चे पाणी धरून भरावाचा स्वतंत्र जलशास्त्रीय अभ्यास करा. अहवाल मराठीत, प्रत्येक ग्रामपंचायतीत लावा.
2. पाणी अडते तेवढा भराव काढून तिथे खांबांवरचा पूल बांधा.
3. वाट मोकळी केल्यावर इचलकरंजी आणि शिरोळकडे किती पाणी वाढेल, तेही त्याच अहवालात मांडा. खालच्या गावांना बुडवून आम्हाला सुटका नको.
4. या अभ्यासाचा अहवाल येईपर्यंत पूरक्षेत्रात महामार्गासाठी नवा भराव टाकू नका.

येत्या ग्रामसभेत या चार मागण्यांचा ठराव करा आणि त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पोहोचवा. पुढच्या पावसाळ्याआधी हे झालेच पाहिजे!

आपले,
पंचगंगाकाठचे पूरग्रस्त शेतकरी व नागरिक